मागचा गिअर

चुडामण मिस्तरीने गिअरबॉक्समधून परातीत निथळलेलं तेल बोटावर घेतलं, नाकाशी नेलं आणि बोट पायजम्याला पुसलं.

“जळेल शे,” तो म्हणाला.

धनसिंग डॉक्टर कुबडीवर रेलून उभे होते. गिअरबॉक्स जळालाय हे जळगावच्या तीन गॅरेजवाल्यांनीही सांगितलं होतं, पण तेलाचा वास न घेता. धुळ्याचा चुडामण निदान वास तरी घेत होता. मालेगावपासून शिरपूरपर्यंतचे ट्रकवाले बिघडलेले गिअरबॉक्स घेऊन त्याच्याच दारात येत आणि तो म्हणेल ते मुकाट्याने ऐकून घेत.

“पण होईल ना?”

बारदानावर पडलेल्या त्या अवजड डब्यात चुडामणने बॅटरीचा उजेड टाकला आणि बराच वेळ आत पाहिलं. असलं प्रकरण त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

“खोटं नही सांगत, डॉक्टर. हाई मनं काम नही. ह्यामा तं सगळं तेलच शे.”

“मी म्हणतच होतो, काका,” मॅटाडोरला टेकून उभा असलेला रुपचंद म्हणाला. “ॲम्बॅसिडरचा गिअरबॉक्स बसवून टाकू. दोन दिवसांचं काम.”

ॲम्बॅसिडरचा गिअरबॉक्स म्हणजे क्लच, आणि क्लच म्हणजे डावा पाय. डॉक्टरांचा डावा पाय अकरा वर्षांपूर्वी पारोळ्याजवळ एका ट्रकखाली गेला होता, पार मांडीपासून. मोटरसायकल सुटली, पण गुरांची डॉक्टरकी सुटेना. गाय अडली की ती बसच्या वेळापत्रकासाठी थांबत नाही. त्याच सुमारास धरणाच्या कामावर आलेला एक परदेशी इंजिनिअर मायदेशी परतताना आपली जुनी गाडी विकून गेला. तिला क्लच नव्हताच. गिअर आपोआप पडत आणि सगळं उजव्या पायावर भागे.

कुबडी मागच्या सीटवर टाकून दार लावलं की डॉक्टर दोन पायांच्या माणसांत जमा. चोपड्यापासून एरंडोलपर्यंत ते दहा वर्षं एकटे हिंडले. उतरताना कुणी दंड धरलाच तर हात असा झटकत, की पुढच्या वेळी तो माणूस चार पावलं लांब उभा राही.

पुतण्या रुपचंद तसा गुणी होता. गाडीला साधा गिअरबॉक्स बसवायचा, आपण चालवायची आणि काकांना मागच्या सीटवर बसवून गावोगाव न्यायचं, हे त्याने आणि डॉक्टरांच्या बायकोने, प्रमिलाकाकूने, परस्पर ठरवूनही टाकलं होतं. त्यात वाईट काहीच नव्हतं. म्हणूनच डॉक्टरांना त्याचा जास्त राग येई.

चुडामणने परात उचलून बाजूला ठेवली.

“एक करा. भुसावळले जा. तठे यार्डमा डबा ढकलानं इंजिन शे ना, त्याले बी असाच तेलना गिअर शे. लोटन नावना फिटर शे. त्याले दखाडा.”

“रेल्वेचा माणूस मोटारीचं काय करणार?” रुपचंद म्हणाला.

“चल,” डॉक्टर म्हणाले. “बारदान बांध.”

भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये लोटनला शोधायला वेळ लागला नाही. पस्तिशीचा, किडकिडीत, अंगात बनियन, पुढ्यात रेडिओ खोलून बसलेला माणूस. त्याने गिअरबॉक्सकडे पाहिलं आणि आधी डॉक्टरांना खुर्ची दिली.

“आबा, मले एक सांगा. गाडी सुटली की दुसरा गिअर किती वेळानं पडे?”

डॉक्टर चमकले. हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. सगळे गाडीलाच विचारत होते. त्यांनी डोळे मिटले आणि उजवा पाय फरशीवर हळूहळू दाबत नेला.

“एक... दोन... तीन... चार. इथे.”

“झटका बसे?”

“नाही. आवाज तेवढा खाली बसे. ओझं उतरल्यावर बैल श्वास सोडतो तसा.”

लोटनने ते खडूने भिंतीवर लिहून घेतलं. बैलासकट. मग तो विचारत गेला आणि डॉक्टर पायाने सांगत गेले. चढावर काय होई, गाळात काय होई, थंडीत सकाळी गाडी किती वेळ रुसून बसे. बोलता बोलता तास उलटला. रुपचंद बाहेर दोन वेळा चहा पिऊन आला.

“गाडीचं पुस्तक असतं तं बरं झालं असतं,” शेवटी लोटन म्हणाला. “पण तुम्ही आहात तं बरंचसं पुस्तक. रविवारी रविवारी करीन. चालंल?”

सहा रविवार गेले. डॉक्टर दर रविवारी सकाळच्या गाडीने जळगावहून येत आणि ओट्यावर बसून राहत. लोटनने डब्यातलं शेकडो तुकड्यांचं पोट वर्तमानपत्रांवर मांडलं, चाचपलं, रॉकेलने धुतलं. आत दोन पट्टे होते. एक ड्रमभोवती आवळला की गाडी पुढे, दुसरा आवळला की मागे. पुढच्या पट्ट्याचं अस्तर जळून कोळसा झालं होतं. लोटनने ट्रकच्या ब्रेकचं अस्तर लावून पाहिलं, त्याचा तेलात चार दिवसांत चिखल झाला. मुंबईला लिहिलं, तिकडून उत्तर आलं की गाडी भंगारात द्या. त्या रविवारी डॉक्टर न जेवताच परत गेले. रुपचंद दुसऱ्याच दिवशी ॲम्बॅसिडरच्या गिअरबॉक्सचा भाव काढून आला.

सहाव्या रविवारी रुपचंदही बरोबर आला. लोटनने दोन्ही पट्टे डॉक्टरांच्या मांडीवर आणून ठेवले.

“मागचा कोरा करकरीत हाय, बघा. कुणी फार वापरलाच नाही. त्याचं अस्तर सोडवून पुढच्याले चिकटवता येईल. पण मंग रिव्हर्स गेला. कायमचा.”

“पुढचे गिअर सगळे?”

“सगळे. मागं एक फूट जाणार नाही.”

“मागे कुणाला जायचंय?” डॉक्टर म्हणाले. ऐटीत म्हणाले. रुपचंदने लोटनकडे पाहिलं, लोटनने पट्ट्यांकडे.

दोन आठवड्यांनी मॅटाडोरला दोर बांधून गाडी भुसावळला ओढत आणली. गिअरबॉक्स चढला, नवं तेल पडलं. डॉक्टरांनी कुबडी मागे टाकली, दार लावलं, दांडी पुढे नेली आणि पाय दाबला. गाडी सुटली. एक, दोन, तीन, चार, आणि आवाज खाली बसला. डॉक्टरांच्या डोळ्यांत चटकन पाणी आलं. ते त्यांनी पुसलं नाही. बघायला होतं कोण?

रुपचंद मॅटाडोर घेऊन पुढे हमरस्त्याला लागला होता. डॉक्टर क्वार्टर्सच्या फाटकातून मागच्या गल्लीत वळले आणि थोडं पुढे जाऊन थांबले. गल्लीच्या तोंडाशी केळीचा ट्रक आडवा. ड्रायव्हर जेवायला गेलेला, आणि हमाल सावलीत बिड्या ओढत बसलेले. गाडी वळवावी एवढी जागा नव्हती. मागे वीस हातांवर एक बोळ फुटत होता. सवयीने त्यांनी दांडी मागच्या खाचेत टाकली आणि पाय दाबला. इंजिन नुसतं गुरगुरलं. मग आठवलं.

हमालांना सांगणं सोपं होतं. भाऊ, जरा मागे ढकला. एवढंच. ते शब्द ओठांपर्यंत आले आणि माघारी गेले. मागच्या काचेतून पाहिलं तर फाटकाशी लोटन अजून हात पुसत उभा दिसत होता. परक्यांपेक्षा तो बरा. डॉक्टरांनी खिडकीतून मान काढली आणि बेंबीच्या देठापासून हाक मारली,

“लोटनाऽ! अरे, लोटनाऽ!”

सावलीतला एक म्हातारा हमाल बिडी विझवत उठला.

“लोटतो ना, आबा. एवढं वरडता कायले?”

त्याच्यामागून आणखी दोघे उठले. तिघांनी बॉनेटवर तळवे टेकवले. डॉक्टरांनी खुलासा करायला तोंड उघडलं. तीन घामेजले चेहरे काचेपलीकडून त्यांच्याकडे बघत होते, ते सांगतील तिकडे लोटायला तयार. त्यांनी तोंड मिटलं आणि दांडी मधल्या खाचेत आणली.

गाडी मागे जाऊ लागली.

“डावीकडं घ्या, आबा! अजून! हां, आता सरळ!”

ते सांगतील तसं डॉक्टर स्टिअरिंग फिरवत गेले. बोळ आला. हमालांनी बॉनेटवर थाप मारली आणि परत सावलीकडे वळले. तेवढ्यात धापा टाकत लोटन खिडकीशी येऊन पोचला.

“काय झालं आबा, मले हाक मारली का?”

डॉक्टरांनी पाठमोऱ्या हमालांकडे पाहिलं.

“नाही रे,” ते म्हणाले. “ह्यांना मारली होती.”