अंगठे वळले की

“आले का मी?” पाण्यातून डोकं वर काढत तिने विचारलं.

चष्मेवाल्याने कॅमेरा उन्हापासून ओंजळीत झाकून पाहिला. पडद्यावर उडीची फळी होती, रिकामी. खाली पांढरा फेस होता. बायकोचा पत्ता नव्हता.

“फळी छान आलीये,” तो म्हणाला.

ती पाण्यातच पाठीवर कलंडून हसली. शिवणयंत्रावर आठवडाभर वाकलेली ती बाई रविवारी पोहण्याच्या तलावावर आली, की तिचं वजनच कुठेतरी गळून पडायचं. चष्मेवाल्याला ते बघताना अर्धवट झोपेत असल्यासारखं वाटे. साबणाच्या वडीएवढा कॅमेरा तिनेच त्याला घेऊन दिला होता, मनगटाला दोरी अडकवली की हातात काही आहे हेही कळू नये असा. पण फोटोत ती कधी सापडली नाही.

“छोटा कॅमेरा आहे ना,” तो दरवेळी सांगायचा, “जरा उशिरा जागा होतो.”

“कॅमेऱ्यावर ढकला सगळं,” तलावावरचा जीवरक्षक म्हणायचा. त्याला सगळे बेडूक म्हणत आणि त्याला ते आवडायचं. “वहिनी, फळीचंच प्रदर्शन भरवू या.”

मग तिचा डावा कान दुखू लागला. डॉक्टरीणबाईंनी आत बत्ती मारून पाहिलं. “पडद्याला इजा झालीये. वरून सूर मारणं बंद. पुन्हा मार बसला तर या कानाने ऐकू येणार नाही.”

“शेवटचा एकदा?”

“एकदाही नाही.”

घरी दाराशी चपला काढताना ती म्हणाली, “रविवारी एकदाच जाते. अहो, माझा हवेतला एक फोटो नाही. म्हातारपणी काय बघू, फेस?”

म्हणजे चष्मेवाल्याने न टिपलेल्या एका फोटोपायी ती कान घालवणार होती. “अगं, नको मला फोटो,” तो म्हणाला.

“मला हवाय. आणि ऐका, माझ्या पायांकडे बघा. अंगठे वळले की दाबा. मी निघायच्या आधी ते वळतात.”

आठवडाभर तो दुकानात चुकत राहिला. गिऱ्हाइकांना चष्मा घालून “डोळे मिटू नका” असं सांगताना त्याचंच लक्ष उडत होतं.

रविवारी तलाव शांत होता. पाण्यावरचं ऊन कडेच्या शेडच्या छतावर हलत होतं आणि सगळे आवाज लांबून आल्यासारखे येत होते. ती शिडी चढली, फळीच्या टोकाशी गेली, हात पसरले. बेडकाने पोरांना पाण्याबाहेर काढलं आणि तोही वर बघत राहिला.

चष्मेवाल्याला ओरडून तिला थांबवावंसं वाटलं. पण ती त्या उंचीवर इतकी सुरेख दिसत होती की त्याने कॅमेराच उचलला. निदान हिला एकदा नीट बघून घेऊ, असं त्याच्या मनात आलं. अंगठे वळले. त्याने बटण दाबलं.

ती उडाली नाही.

अंगठे हळूच सैल झाले. तिने हात खाली घेतले, फळी दोनदा तळपायाने चोळली, वळली आणि एकेक पायरी करत शिडी उतरली. बेडकाने तिला टॉवेल नेऊन दिला.

“काय झालं गं?” चष्मेवाल्याने विचारलं.

“तुमचा कॅमेरा कधीच उशिरा जागा होत नव्हता,” ती म्हणाली. “मी निघाले की तुम्ही डोळे गच्च मिटता. वरून सगळं दिसतं.”

तो लाजला. “मग बोलली का नाहीस कधी?”

“बरं वाटायचं. खाली कोणीतरी इतकं घाबरतंय माझ्यासाठी.” तिने टॉवेल कानाशी धरला. “आज पहिल्यांदाच उघड्या डोळ्यांनी बघत होतात. म्हटलं, तुम्ही बघितलंत, झालं. आता उतरते.”

पडद्यावर ती होती. पसरलेले हात, वळलेले अंगठे, पुढे नुसती हवा. तिने फोटो बराच वेळ बघितला, मग रिकाम्या फळीकडे बघितलं.

“या वेळी अगदी वेळेवर दाबलंत हं,” ती म्हणाली, आणि त्याच्या खांद्याचा आधार घेऊन ओल्या पायांत चपला घालू लागली.