डोळ्याजवळचं छोटं चाक

मित्रांनो, मी एक कॅमेरा आहे. जुना, आणि तोही शिकाऊ माणसांसाठी बनवलेला. आमच्या घराण्यातले मोठे कॅमेरे लग्नांत आणि मैदानांवर मिरवतात. आमच्या वाट्याला पहिला धडा येतो. कुणाचे पाय कापलेले, कुणाचं डोकं उडालेलं, असले फोटो आम्ही मुकाट्याने काढतो. पण मला त्याचा कमीपणा वाटत नाही. कुणीतरी पहिला धडा द्यायलाच हवा ना!

कारखान्यातून निघालो ते थेट एका निवृत्त ग्रंथपाल आजोबांच्या हातात पडलो. ते मला तळहातावरच्या फोडासारखं जपत. बागेतल्या बाकावर बसून पाखरं टिपत आणि एखादं साधलं, की शेजारच्या अनोळखी माणसालाही दाखवत. ते कौतुक ऐकून मी फुगून जायचो. पुढे आजोबांचे हात थरथरू लागले, घरात ज्याच्या-त्याच्या खिशात फोन आला आणि माझी रवानगी कपाटात झाली. तिथे अंधारात लेन्सला बुरशी धरेल की काय, याची मला सारखी धास्ती असे. शेवटी आजोबांनीच मला जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात आणून दिलं. "शिकणाऱ्याच्याच हातात द्या हो," एवढंच ते म्हणाले.

तिथून मला शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या मुलीने घरी नेलं. तिला सगळे बनी म्हणत. घेण्याआधी तिने लेन्स उजेडासमोर धरून पाहिली, एकेक बटण दाबून पाहिलं. पोर मोठी चौकस! कोपऱ्यावरच्या स्टुडिओतले काका तिला म्हणाले होते, "स्वतःच्या हाताने फोकस करून काढलेला एक चांगला चेहरा दाखव. जमलं, तर सोमवारपासून माझ्याकडे शिकायला ये." बनीने तोच ध्यास घेतला होता.

पण मला डोळ्याला लावलं, की तिला सगळं धूसर दिसायचं. तिने काच पुसली, लेन्सची कडी इकडून तिकडे फिरवली, आपल्या दादाला खिडकीपाशी उभं केलं. फोटोत दादाचा चेहरा दर वेळी पुसटच.

"झाली फसगत!" दादा म्हणाला. "तरी सांगत होतो, जुनं घेऊ नकोस. जा, परत करून ये."

बनीचे डोळे भरून आले. ती मला पिशवीत घालू लागली. मित्रांनो, माझ्यात काहीच बिघाड नव्हता, पण ते मी सांगणार कसं? माझा जीव नुसता तळमळत होता.

"थांब गं, मला तरी बघू दे एकदा," म्हणत आई शिलाई मशीनवरून उठली. तिला लांबचं बघायला चष्मा लागायचा. तो मध्ये येऊ लागला म्हणून तिने काढून ठेवला, मला डोळ्याला लावलं आणि कडी फिरवली.

"अगं, केवढं स्वच्छ दिसतंय! दादाच्या कॉलरची उसवलेली शिवणसुद्धा दिसतेय."

"चष्म्याशिवाय?"

"चष्म्याशिवाय!"

म्हणजे कॅमेरा ठीक आहे, हे बनीच्या लक्षात आलं. मग तिने डोळा लावायच्या जागेभोवती बोटाने चाचपून पाहिलं. तिथे एक छोटं चाक असतं. ज्याची जशी नजर, तसं ते फिरवून घ्यायचं. आजोबांनी ते आपल्या नजरेला जुळवलं होतं आणि त्यानंतर त्याला कुणीच हात लावला नव्हता; आईची नजर नेमकी तशीच निघाली. बनीने ते हळूहळू फिरवलं. एका जागी येताच तिला समोर आई दिसली, चष्मा हातात धरून हसणारी, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांसकट. तिने कडी नीट जुळवली आणि बटण दाबलं.

स्टुडिओतल्या काकांनी तो फोटो बराच वेळ पाहिला. "सोमवारी जरा लवकरच ये," ते म्हणाले.

मित्रांनो, जुनी वस्तू घरी आणल्यावर ती लगेच तुमचं ऐकेलच असं नाही. तिला आधीच्या माणसाची सवय असते. तिला मोडीत काढायची घाई करू नका. जरा तुमच्या नजरेची होऊ द्या.

मी आता रोज कामावर जातो. संध्याकाळी घरी आलो, की आई म्हणते, "दे गं जरा इकडे." मग बनी ते चाक आईच्या नजरेवर फिरवून देते, आणि आई चष्मा काढून ठेवून खिडकीतून रस्ता बघत बसते.