पंपवालीचा शेवटचा व्हिडिओ

जेवणाच्या सुट्टीत आमच्या शिलाईच्या कारखान्यातल्या आठ बायका एका फोनवर तुटून पडायच्या, त्या पंपवालीसाठी. कुठल्याशा खेड्यातली बाई. बंद पडलेले पाण्याचे पंप उघडायची, कोपरापर्यंत ग्रीस, आणि समजावून सांगायची अशी की आपल्यालाही वाटावं, द्या तो पाना इकडे. शर्टांना बटणं लावणाऱ्या आमच्या बटणवालीने तिचं बघून घरचा पंप दुरुस्त केला आणि नवऱ्याला आठवडाभर ते ऐकवलं.

माझी जीभ मात्र वळवळते. कॉलर शिवता शिवता मी दिवसभर सगळ्यांच्या चुका काढते. टोपणनाव घेऊन मी पंपवालीच्या व्हिडिओखाली लिहिलं, 'आधी केस विंचर बाई, मग पंप उघड.' चारशे जणी हसल्या. मी दिवसभर फुशारकीत होते.

दुसऱ्या दिवशी पंपवाली केस चापूनचोपून बसवून, कडक इस्त्रीच्या कपड्यांत आली. मळू नये म्हणून नट दोन बोटांनी धरत होती. तो काही हलेना. शेवटी पाना खाली ठेवून म्हणाली, "सासूबाई म्हणतात, बायकाच हसायला लागल्या तर बास कर. हा शेवटचा."

"कोण ही मेली केस विंचरायला सांगणारी?" बटणवाली कडाडली. "घरात आरसा नसेल हिच्या!"

मी डबा बाजूला सारला. त्या बाईला जे येतं त्यातलं मला काडीचं येत नाही, आणि मी तिचे केस बघत बसले होते. लाज वाटली, अगदी मनापासून वाटली.

"ती मेली मीच," मी म्हणाले.

बटणवालीने फोन माझ्यासमोर धरला. "मग आता बोल तिच्याशी. तोंड दाखवून."

माझे केस पिंजारलेले, अंगभर दोरे. सुट्टी संपल्याची घंटा झाली होती, म्हणून मी मशीन चालवत चालवतच बोलले, "पंपवालीबाई, केसांचं ते मी लिहिलं होतं. चुकलं माझं. तुमचं काम बघायला आम्ही जेवण भराभर उरकतो. बंद नका करू."

बटणवालीने तो व्हिडिओ तिला पाठवला. तीन दिवस काही नाही. तीन दिवस बटणवालीही माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं बरोबरच होतं. चौथ्या दिवशी पंपवालीचं उत्तर आलं. बटणवालीने ते सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं:

"ताई, माफीचं राहू द्या. तुमचं मशीन केवढं खडखडतंय! उद्याच्या व्हिडिओत आमच्या घरचं शिलाई मशीन उघडून दाखवते. तेल घेऊन बसा."