तोफूवाल्या बाईची चाल

कुरेबायाशी इवाओ हे आमच्या मालिकेचे दिग्दर्शक. टोकियोतल्या नेरिमात सायकलच्या दुकानावर आमचा स्टुडिओ होता, तिथं मी चित्रं काढायचे. रविवारी सकाळी टीव्हीवर लागणारी ती मुलांची कार्टून मालिका सरांनी वर्षानुवर्षं एकहाती ओढली. बरेचदा ते टेबलाखालीच पांघरूण घेऊन झोपायचे. त्यांची बायको मित्सुए घर सोडून मात्सुयामाला बहिणीकडे गेली, तेही म्हणे त्यांना कपडे बदलायला घरी गेल्यावर कळलं.

मालिकेतल्या गल्लीत तोफू विकणारी एक बाई होती. बोलायची थोडंच. पण तिची चाल सर स्वतः काढायचे, आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. डावा पाय जरासा ओढत ती चालायची आणि थांबली की एप्रनला हात पुसायची.

एका दुपारी मित्सुएबाईंचा फोन आला. सर माझ्या शेजारीच बसून बोलले. बाईंचा आवाज खणखणीत होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"बहिणीच्या नातवंडांबरोबर तुमची मालिका बघत होते," त्या म्हणाल्या. "पोरं म्हणतात, आजी, तू पूर्वी चालायचीस तशीच ही चालते की."

सरांनी पेन्सिल खाली ठेवली.

"गुडघ्याचं ऑपरेशन झालं माझं. आता नाही मी तशी चालत."

"फार दुखायचं का गं?"

"हे तेव्हा विचारायचं होतं." मग त्या म्हणाल्या, "त्या बाईला जाऊ द्या आता."

सरांनी ऐकलं. तोफूवाली गाव सोडून जाते, असा भाग त्यांनी लिहिला. निर्माते चिडले, मुलं रडतील म्हणाले. सर बधले नाहीत. शेवटच्या दृश्यात ती उतारावरून ताठ, पाय न ओढता जाणार होती. ते दृश्य काढायला सर बसले. काढायचे, खोडायचे. आठवडाभर टेबलाखाली कागदांचे बोळे साचत गेले. शेवटी त्यांनी कोरे कागद माझ्यापुढं ठेवले.

"तू काढ," म्हणाले. "मी तिला असं चालताना पाहिलेलं नाही."

मी काढलं.

तो भाग लागला त्या रविवारी विसरलेली छत्री न्यायला मी स्टुडिओत गेले, तर सर एकटेच टीव्हीसमोर. संपेपर्यंत मीही उभी राहिले. आमच्याकडे जेवायला चला म्हटलं, तर काम आहे म्हणाले.

पुढं बरेच दिवस फोन वाजला की ते मान वर करायचे. मात्सुयामाहून पुन्हा काही फोन आला नाही. मालिकेत तोफूवालीच्या दुकानाच्या जागी लाँड्री आली.