साहेबाच्या पोटावरच्या तीन फुल्या

जमुनाबाई चांदूर बाजारहून मोटारीत बसून अमरावतीला आली, ती काही साहेब बघायला नव्हे. साहेब तिनं लंगोटात पाहिलेला होता. त्याला एकच गोष्ट सांगायची होती: तू कुणाच्या दुधावर जगलास.

सन अठ्ठावन्नच्या हिवाळ्यात इंग्रज आरमारातला एक निवृत्त कप्तान कमलाकांत वकिलांकडे उतरला होता. जन्म इथलाच. बाप कापसाच्या जिनिंगचा साहेब, आई बाळंतपणात गेली ती इथल्याच मातीत. आता उतारवयात स्वारीला घराण्याची वंशावळ पुरी करायची हुक्की आली होती. जुन्या नोकरांच्या घरचं कुणी हयात आहे का, असं त्यानं विचारलं, म्हणून वकिलांनी जमुनाबाईला निरोप धाडला.

टेबलावर भला मोठा तक्ता पसरला होता. आजा अॅडमिरल, पणजा लढाईत जहाजावर पडलेला, खापरपणजा कुणा लॉर्डाचा मेहुणा. वकील एकेका नावावर "वा, वा!" करत होते. इंग्रज जाऊन अकरा वर्षं झाली, पण वकिलांचा कणा काही अजून सरळ झाला नव्हता.

जमुनाबाईला दाराशी सतरंजी मिळाली.

"सायबाले सांगा," ती म्हणाली, "तुही माय गेली तवा तू दोन दिवसांचा होता. माह्या मायनं, पंचफुलानं, तुले अंगावर पाजलं. आमचा मोतीराम बी तान्हाच होता. तुह्या बापाचा हुकूम होता, पहिले सायबाचं लेकरू, उरलं तं आपलं. उरत नोतं. मोतीराम सुकून सुकून गेला. मी सहा वर्साची होती, मांडीवर मीच घेऊन बसली होती त्याले."

वकिलांनी साहेबाकडे वळून दोन-चार शब्द टाकले. साहेब हसला, मान डोलावली आणि पुन्हा तक्त्यात डोकं घातलं.

जमुनाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेकरू मेल्याचं ऐकून माणूस हसतो कधी?

"काय सांगतलं तुमी त्याले?"

"हेच, की तुमची आई त्यांच्याकडे कामाला होती." वकिलांनी आवाज खाली आणला. "जमुनाबाई, खानदानी माणूस आहे. कुणाच्या अंगावर प्यायले, हे तोंडावर सांगणं बरं दिसत नाही."

"पेला तवा बरं दिसलं? गरज सरो, वैद्य मरो! त्याच्या अब्रूची तुमाले काहून एवढी काळजी, वकीलसायेब? मोतीराम तं आपला होता ना?"

वकिलांनी पानाचा डबा पुढे ओढला.

जमुनाबाई उठली ती थेट टेबलापाशी. लुगड्यावरूनच तिनं आपल्या बेंबीच्या डाव्या अंगाला तीन ठिकाणी बोट टेकवलं, आणि तेच बोट साहेबाच्या पोटाकडे रोखलं. पोर पोटफुगीनं कळवळत होतं तेव्हा पंचफुलानं त्याला बिब्ब्याच्या तीन फुल्या दिल्या होत्या, पोटच्या पोराला देतात तशा. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं, डाग जन्माचा राहतो.

साहेबाचा हात आपसूक कोटावरून पोटावर गेला. चेहरा पार उतरला. बापानं त्याला ते देवीचे वण म्हणून सांगितले होते. तो वकिलांना खोदून खोदून विचारू लागला, आणि आता वकिलांना सगळंच सांगणं भाग पडलं.

 मग साहेबानं पेन काढून तक्त्याच्या कडेला बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं.

"काय लिवलं?"

वकील चाचरले. "एक देशी आया."

एक देशी आया! अॅडमिरलला नाव होतं, त्याच्या जहाजालाही नाव होतं. स्वतःचं पोर उपाशी ठेवून ह्याला जगवणारी तेवढी बिननावाची!

जमुनाबाईनं साहेबाचं मनगट धरलं.

"इकडे पाह्य. लहाना आहेस तू माह्यापेक्षा. म्हण, पंचफुला."

भाषा कळली नाही, पण आवाज कळला. "पांचाफूल," साहेब पुटपुटला.

"फूल नाई. फुला. अजून म्हण."

"अहो, साहेबांना अरेतुरे काय करता!" वकील अर्धवट उठले.

"तुमी चूप राहा. हे आमच्या घरातलं आहे."

साहेबानं पुन्हा म्हटलं. चुकलं. तिनं पुन्हा म्हणायला लावलं. नाव नीट आलं तेव्हाच तिनं मनगट सोडलं आणि तक्त्यावर बोट ठेवलं.

"आता लिव. अन् तुह्या नावाच्या बाजूले मोतीराम लिव. तुहा भाऊ."