तीन फुटांचं रीतसर घर

कात्रजच्या पलीकडचं आंबेखिंड गाव ज्या साली पुण्यात घेतलं, त्या साली गावाला नळ आला नाही, रस्ता आला नाही. घरबांधणीचे नियम मात्र आले. तेही साधेसुधे नव्हेत, चांद्यापासून बांद्यापर्यंत सगळ्यांना एकच. गेनबाला आधी याचा अभिमानच वाटला. त्याच्या घराची एवढ्या लांबून कुणी दखल घेतली नव्हती.

गेनबा आणि त्याचा धाकटा भाऊ मच्छिंद्र यांची घरं ओढ्याच्या अलीकडे एकमेकांना चिकटून. मधली भिंत एकच, दगडमातीची आणि एवढी जाड, की तिच्यात एकदा एक बोका शिरला तो दोन पावसाळ्यांनी बाहेर आला, तेव्हा त्याच्या मिशा पिकल्या होत्या. बैलाच्या वाटणीवरून भावांचं बोलणं कधीच बंद झालं होतं. बैल मेला, बोलणं तसंच राहिलं. पण भिंतीत आरपार एक देवळी होती आणि तिच्यात एकच दिवा. एक दिवस त्यात गेनबाची सोजरबाई तेल घालायची, दुसऱ्या दिवशी मच्छिंद्रची प्रेमला. उजेड दोन्ही घरांत पडायचा. नवरे बोलत नव्हते म्हणूनच की काय, जावांची पाळी कधी चुकली नाही. पहाटे मच्छिंद्र खोकला की भिंतीच्या अलीकडे गेनबा उठायचा. घरात घड्याळ होतं, पण त्याला किल्ली द्यायची गरज कधी पडली नाही.

गेनबावर घर नव्याने बांधायची वेळ आली ती वाळवीमुळे. तिने आढं असं पोखरलं, की वाळवी आत एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या म्हणून छप्पर टिकलं, असं गावात म्हणत.

सोजरबाईचं म्हणणं एकच होतं. तिचं माहेर येरवड्याचं. रस्ता रुंद करताना तिच्या बापाच्या घरावर लाल फुली पडली आणि घर गेलं. मग ते भाड्याच्या खोलीत गेले, तर फुली तिथेही आली. लग्नात तिच्या रुखवताच्या पेटीवर कुणी हळदीकुंकवाचा हात पुसला, तर तिने तांबडा डाग पाहून पेटी उचलली आणि मांडवाबाहेर नेऊन ठेवली.

"अवो, कसंबी बांधा," ती गेनबाला म्हणाली. "ऱ्हायाला बारकं असलं तरी चालंल. पर फुली पडनार न्हाई असं बांधा."

गेनबाने शब्द दिला. सगळं बिघडलं ते इथे.

कारण आंबेखिंडीत शब्द देऊन घर बांधायची रीतच नव्हती. लोक आधी बांधत, मग घाबरत, मग वर आणखी एक मजला चढवत. मच्छिंद्रने चढवलेच होते दोन. परवानगीचं कुणी विचारलं तर तो बोट वर करून आभाळाकडे दाखवायचा. गेनबा मात्र धुतलेलं धोतर नेसून कसबा पेठेत दिगंबरपंतांकडे गेला. घरांचे नकाशे काढून मंजूर करून आणणं हा पंतांचा धंदा. पंतांचं स्वतःचं घर दोन्हीकडून शेजाऱ्यांना इतकं चिकटलेलं, की डाव्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या मोजून पंतांच्या घरात गॅस बंद करत.

पंतांनी जागेची रुंदी विचारली. भिंतीची आपली अर्धी जाडी धरून तेरा फूट, गेनबाने सांगितलं. पंतांनी कागदावर दोन रेघा मारल्या. दोन्ही अंगांना पाच-पाच फूट मोकळे सोडायचे, राहिलं त्यात घर.

"म्हंजी तीन फूट?" गेनबा म्हणाला.

"वजाबाकी येते आपल्याला," पंत म्हणाले. "अर्धं काम झालं."

गेनबाने त्यांच्या भिंतीकडे बोट केलं. इथे तर वारा शिरायला जागा नाही, असं त्याचं म्हणणं. पंतांनी शांतपणे समजावलं की हे जुनं गावठाण, इथलं वेगळं असतं. आंबेखिंडीलाही गावठाण होतं, पण त्याची हद्द ओढ्याच्या पलीकडेच संपत होती आणि गेनबाच्या आज्याने ओढा ओलांडून घर घातलं होतं.

"आज्याला कुठं ठावं व्हतं?"

"आजोबांनी विचारायला हवं होतं," पंत म्हणाले. "आम्ही दुपारचे एक ते चार सोडून केव्हाही असतो."

दुसरा कुणी असता तर तिथूनच परतला असता आणि मच्छिंद्रसारखं आभाळाकडे बोट केलं असतं. पण गेनबाने सोजरबाईला शब्द दिला होता.

भिंतीचं काय करायचं, हे मच्छिंद्रला प्रेमलाकरवी विचारलं. तिच्याकरवीच उत्तर आलं: तुझी अर्धी तू काढ, माझी राहू दे. गवंडी भैरूने भिंत उभी चिरली. शिळी भाकरी पापुद्र्यात सोलावी तशी त्याने गेनबाची बाजू सोलून काढली आणि मच्छिंद्रची जागच्या जागी उभी ठेवली. देवळीचा अर्धा भाग ढिगाऱ्यात गेला, उरलेल्या अर्ध्यातून वारा शिरला आणि दिवा विझला. पाळी सोजरबाईची होती. तिने तो पदराआड पुन्हा लावला, तो पुन्हा विझला. शेवटी प्रेमला तो उचलून आपल्या घरात आतल्या बाजूला घेऊन गेली.

आणि घर झालं. तीन फूट रुंद, लांबीला मात्र भरपूर. एखादी एसटी गल्लीत अडकून राहावी तसं. आत पाहिजे ते सगळं होतं, फक्त एकामागे एक. आत शिरतानाच ठरवावं लागे, सरळ जायचं की पाठमोरं, कारण मध्ये वळता येत नसे. समोरासमोर दोघं आली तर घाटातल्या बैलगाड्यांसारखं एकाने दारापर्यंत मागे जायचं. पाहुणा पुढून आला की चहा पिऊन मागून गेला पाहिजे. गेनबा शिंकला तर दोन्ही भिंती पुसायला लागत.

तपासायला महापालिकेचे साहेब आले, अंगाने चांगले भरलेले. स्वयंपाकघरापर्यंत गेले आणि तिथे राहिले. पुढून पंतांनी ढकललं, मागून भैरूने ओढलं, तेव्हा बाहेर निघाले. बाहेर येऊन त्यांनी दोन्हीकडचे पाच-पाच फूट मोजले, शर्टाची बटणं शोधली आणि सही केली.

पंत गेनबाला म्हणाले, "अभिनंदन. ओढ्याच्या अलीकडे नियमात बसलेलं हे एकच घर. आता आपण बसता का बघा."

सोजरबाईने प्रयत्न केला. तिचे गुडघे धरलेले. भाकरी थापायला बसली तर उठताना टेकायला दोन्हीकडे भिंती होत्या, एवढाच काय तो फायदा. पण परात आडवी मावत नसे, आणि भाकरी थोडी मोठी झाली तर काठाने भिंतीची पांढरी माती धरायची. गेनबाने शेजारच्या मोकळ्या पट्टीत तिच्यासाठी चूल मांडली. पंतांनी ती काढायला लावली. मोकळं म्हणजे मोकळं. तिथे बाज टाकली, तीही काढली. घरापेक्षा मोठी जागा घराच्या दोन्ही अंगांना पडून होती आणि तिथे फक्त उभं राहता येत होतं.

दिव्याची पाळी सोजरबाईने सोडली नव्हती. एक दिवसाआड ती पट्टी ओलांडून प्रेमलाकडे तेल घालायला जायची. मग तिथेच भाकरी थापून आणू लागली. मग थापल्यावर पाय मोकळे करायला तिथे बसू लागली. असं करता करता एका संध्याकाळी ती परत यायची राहिली. भांडण नाही, काही नाही. गेनबाचं ताट पट्टीतून यायचं, गरम असायचं.

पहाटे मच्छिंद्र खोकत असेल, पण पाच फूट वारा ओलांडून खोकला इकडे येत नसे. गेनबा उठायचा तेव्हा उन्हं डोक्यावर आलेली असायची.

होळीच्या सुमाराला महापालिकेची माणसं आली आणि मच्छिंद्रच्या घरावर लाल फुली मारून गेली. गेनबाच्या भिंतीकडे त्यांनी पाहिलं, कौतुकाने मान हलवली. गेनबा इतक्या वर्षांनी भावाच्या दारात गेला. मच्छिंद्र उंबऱ्यात बसला होता. त्याने पाय आखडून वाट दिली. आत प्रेमला डबे आवरत होती. सोजरबाई दिव्याची वात वळत होती.

"चल घरी," गेनबा म्हणाला. "आपल्यावर फुली न्हाई."

"ठावं हाय," ती म्हणाली. "पर तुमच्या घरात मला वळता येत न्हाई. हितं निदान फुली तरी वळखीची हाय."

गेनबा पट्टीत येऊन उभा राहिला. मग गेरूचा खडा आणून त्याने आपल्या रीतसर भिंतीवर मोठी फुली ओढली आणि सोजरबाईला हाक मारली. ती दाराशी आली. तिने फुलीकडे पाहिलं. अशा फुल्या तिने पुष्कळ पाहिल्या होत्या.

"खोटी हाय," ती म्हणाली. "तुमचं घर कोन पाडतंय?"

आणि दिवेलागण झाली होती, पाळी तिची होती, म्हणून ती आत गेली.