मी, बाईंच्या गालावरचा माईक

मित्रांनो, मी एक जुना वायरलेस माईक आहे. सध्या माझा मुक्काम एका नाट्यगृहात, साउंडच्या केबिनमधल्या वरच्या फळीवर असतो. महिन्यापूर्वी मला कामावरून काढले. अशी गोष्ट सांगताना लोक डोळे पुसतात. मला मात्र हायसे वाटले! का, ते ऐका.

माझे तीन भाग आहेत. पहिला तांदळाच्या दाण्याएवढा. तो चिकटपट्टी लावून गालावर बसवतात. दुसरी पत्त्यांच्या जोडाएवढी डबी. ती कमरेला असते आणि तिला बोटभर शेपटी असते. ही शेपटी आवाज हवेत सोडते. तिसरा भाग म्हणजे केबिनमधला ठोकळा. तो हवेतला आवाज झेलतो. कारखान्यात एका ताईने डोळ्याला भिंग लावून माझे केसासारखे धागे जोडले होते. काम झाल्यावर ती मला म्हणाली होती, "जा, चांगलं बोल." पण मित्रांनो, मला स्वतःचे असे काही बोलताच येत नाही. दुसऱ्याचे बोलणे पोचवायचे, एवढेच माझे काम. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिनेच माझ्या नाकी नऊ आणले.

नाट्यगृहात मला बटणकाकांनी सांभाळले. साउंडची सगळी बटणे त्यांच्या हाताखाली, म्हणून हे नाव. प्रयोगाआधी ते मला कोरड्या फडक्याने पुसायचे आणि विचारायचे, "काय रे, ऐकतोयस ना?" कुणी मला तपासायला फुंकर मारली, की काका त्याच्यावर खेकसायचे, "वाढदिवसाची मेणबत्ती आहे का ती?"

मी मुख्य नटीच्या, म्हणजे बाईंच्या गालावर असे. त्यांची कितीतरी नाटके मी पार मागच्या रांगेपर्यंत नेली. लोक म्हणायचे, "बाईंचा श्वाससुद्धा ऐकू येतो!" कौतुक बाईंचे व्हायचे, पण त्यात माझाही वाटा आहे असे मानून मी आतल्या आत फुलून जायचो.

मग दिवस पालटले. पूर्वी हवा कशी मोकळी होती. आता ज्याच्या त्याच्या हातात काही ना काही यंत्र. माझ्या वाटेवर इतकी गर्दी झाली, की मी भलत्याचेच बोलणे पकडू लागलो. एकदा रंगमंचावर राजा प्राण सोडत होता. सगळे सभागृह चिडीचूप. तेवढ्यात माझ्यातून कुण्या टॅक्सीवाल्याचा आवाज आला, "मागच्या गेटला थांबलोय, लवकर या!" प्रेक्षक पोट धरून हसले. बिचाऱ्या राजालाही हसू आवरेना, आणि मेलेल्या माणसाचे पोट गदगदा हलताना साऱ्यांनी पाहिले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तरीही तोवर फारसे बिघडले नव्हते, कारण बाईंचा आवाज खणखणीत होता. मी ऐनवेळी दगा दिला, तरी त्या नुसत्या गळ्यावर वेळ मारून नेत. मग त्यांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी बजावले, "बोला, पण ओरडायचं नाही. आवाज ताणलात तर असेल तोही जाईल."

सहा महिन्यांनी बाई परत आल्या. आवाज मऊ झाला होता, जवळ बसून कुणी गूज सांगावे तसा. नव्या नाटकात त्या आईच्या भूमिकेत होत्या. घर सोडून गेलेली लेक शेवटच्या प्रवेशात परत येते. खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली आई एवढेच म्हणते, "आलीस? दार उघडंच होतं." आणि पडदा पडतो. सगळे नाटक त्या चार शब्दांवर उभे होते. आणि ते चार शब्द पोचवायचे होते मी.

मला ते जमेना. बाई खुर्चीत बसल्या की माझा आवाज तुटायचा. दोन प्रयोगांत मागच्या रांगांना काहीच ऐकू आले नाही. कुणीतरी ओरडले, "मोठ्यानं!" बाई मोठ्याने बोलू शकत नाहीत, हे त्याला काय ठाऊक! पडदा पडल्यावर मला माझीच लाज वाटली.

काका मला हातात घेऊन तपासायचे. हातात मी सुतासारखा सरळ! "नाटकं करतोय लेकाचा," ते चिडून म्हणायचे. मलाही काही कळत नव्हते. कमरेपाशी गुदमरल्यासारखे व्हायचे एवढे खरे, पण मी म्हणायचो, आपले वय झाले, दुसरे काय.

शेवटी दिग्दर्शक म्हणाले, "पुढच्या प्रयोगालाही हेच झालं तर मला भूमिका बदलावी लागेल. बाईंना ते कोणत्या तोंडानं सांगू?" काकांनी त्याच आठवड्यात धावपळ करून नवा संच आणवला. चकचकीत, हलका, हवेतल्या गर्दीतून आपली वाट आपणच शोधणारा. मला हेवा वाटला का? मुळीच नाही. मी म्हणालो, ये बाबा, लवकर ये आणि हे ओझे घे.

दुपारची तालीम सुरू झाली. मी केबिनच्या फळीवरून सगळे पाहत होतो. बाईंच्या गालावर नवा माईक होता. पहिला प्रवेश झकास झाला. उभ्याने, चालताना, सगळे स्पष्ट. शेवटचा प्रवेश आला. बाई खुर्चीत बसल्या, त्यांचे ओठ हलले, आणि सभागृहात काहीही ऐकू आले नाही.

दिग्दर्शक धावत खुर्चीपाशी गेले. माझे कान तिखट म्हणून ऐकू आले, बाई बसल्या बसल्याच हळू आवाजात त्यांना म्हणाल्या, "माईकला बोल लावू नका. माझ्याच आवाजात दम राहिला नाही. दुसरी कुणी बघा, मी मनापासून सांगतेय."

मित्रांनो, मला बोलता आले असते, तर मी त्या क्षणी ओरडलो असतो.  कपडेपट सांभाळणाऱ्या शिलाईमावशी डोळ्यांना पदर लावून पुढे आल्या. बाईंच्या कमरेला डबीचे ओझे नको म्हणून त्यांनी ती कमरेला बांधलेल्या खिशातून काढून हातात धरली. गालावरचा माईक मात्र तसाच राहिला होता. बाई दमून म्हणाल्या, "मावशी, पाणी दे गं."

आणि "पाणी दे गं" साऱ्या सभागृहात घुमले!

केबिनमधले काका उडालेच. ओरडतच ते जिना उतरले, "मावशी, हलू नकोस! बाई, परत बोला!"

"काय बोलू?"

"काहीही!"

"तुमचा सदरा उलटा आहे," बाई म्हणाल्या, आणि शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना ते कळले.

काकांनी मावशींना डबी परत खिशात ठेवायला लावली. बाई खुर्चीत टेकून बसल्या, तर आवाज गायब. डबी बाहेर काढली, आवाज हजर. मग काकांनी तो खिसा पहिल्यांदाच नीट पाहिला. आमच्याकडे रीत अशी होती, की काका नवे सेल घालून डबी मावशींकडे देत आणि पुढचे सगळे मावशी रंगपटाच्या दाराआड करत. तिथे काकांना मज्जाव. त्यामुळे खिसा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

खिसा होता जरीचा! एका जुन्या नाटकातल्या राणीच्या पोशाखातले, खऱ्या तारेचे भरजरी कापड मावशींनी जपून ठेवले होते. बाई आजारातून उठून आल्या, म्हणून त्यांनी हौसेने त्याचा खिसा शिवला होता. आत मऊ अस्तर, वर बटण. आणि शेपटी? ती बांधायची नाडी असेल असे वाटून मावशी ती रोज छान गुंडाळून आत कोंबत होत्या; पूर्वीच्या सुती खिशात ते खपून जायचे, जरीत नाही. तारेच्या पिंजऱ्यात शेपटी दुमडलेली, त्यावर खुर्चीचा आणि बाईंच्या पाठीचा दाब. आवाज बाहेर पडणार कुठून?

"अगं बाई! मीच घात केला!" मावशी मटकन खालीच बसल्या.

बाई त्यांच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि हसू लागल्या. किती दिवसांनी त्या हसत होत्या! "एवढं जरीचं कापड मी राणी झाले होते तेव्हासुद्धा मिळालं नव्हतं गं," त्या म्हणाल्या.

"मावशी, तुझ्या जरीनं दोन माईक गिळले!" काका कपाळ पुसत म्हणाले. "आणि मी मूर्ख, त्या म्हाताऱ्याला शिव्या घालत बसलो."

म्हातारा म्हणजे मी. काका मोठे न्यायी. त्यांनी मला फळीवरून खाली आणले, साध्या सुती कापडाच्या खिशात शेपटी मोकळी सोडून ठेवले आणि बाईंना खुर्चीत बसवले. "आलीस? दार उघडंच होतं," बाई म्हणाल्या, आणि मी तो शब्दन् शब्द पोचवला! माझा जीव भांड्यात पडला. बाईंना तोंडघशी पाडणारा मी नव्हतो.

तेवढ्यात माझ्यातून आवाज आला, "साहेब, दोन पिशव्या डिकीत टाकू का?"

सगळे खो खो हसले. तेव्हाच माझी रजा पक्की झाली आणि मीही ती आनंदाने घेतली. खिशाचा दोष खिशाचा आणि वयाचा दोष वयाचा, असा सरळ हिशोब झाला. काकांनी माझ्या पोटातले सेल काढले, मला पुसले आणि फळीवर ठेवले.

मित्रांनो, एवढे करत जा. एखादी वस्तू कुरकुर करू लागली, की तिला बोल लावण्याआधी ती कुठे कोंडली गेलीय का, ते पाहा. आणि ती खरोखरच थकली असेल, तर तिला वेळेवर सोडा. ठेवून देताना पोटातले सेल काढायला विसरू नका. ते आत राहिले तर पाझरतात आणि सारे कुरतडून टाकतात.

सेल काढले म्हणून मला ऐकू येत नाही, असे समजू नका. सेल लागतात ते आवाज पुढे पोचवायला. ऐकायला ते कशाला हवेत? परवाच्या प्रयोगाला सभागृह गच्च भरले होते. शेवटचा प्रवेश आला. इतकी वर्षे मी बाईंच्या गालावर होतो, त्यांचा आवाज पार मागे कसा पोचतो हे मी कधीच ऐकले नव्हते. केबिन शेवटच्या रांगेच्याही मागे आहे. मी कान टवकारून बसलो. काकांचा हात बटणावर अगदी स्थिर होता. बाई खुर्चीत बसल्या, आणि अगदी माझ्या शेजारी बसून बोलाव्यात तशा म्हणाल्या,

"आलीस? दार उघडंच होतं."